एका शब्दाचे वाफे

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी कांद्याच्या वाफ्यात झोपलो. मुद्दाम नव्हे. सासूबाईंनी आग्रह करकरून वाढलेलं जेवण अंगावर आलं होतं, म्हणून लिंबाखाली बांधावर घोंगडी टाकून मी आडवा झालो. सावली सरकत गेली तसा झोपेतच मीही सरकत गेलो. मला आठवतं ते एवढंच, की स्वप्नात कुणीतरी माझ्यासाठी ओलसर, थंड, मऊ गादी अंथरली होती आणि मी मनात म्हणत होतो, सासरची माणसं फार चांगली आहेत.

जाग आली तेव्हा सदऱ्याला माती होती. कानातून काळं बारीक बी निघालं. दिवाळीत तीळ कुठून आले याचं नवल करत मी चहाला गेलो.

आदल्या दिवशीच त्या वाफ्यात कांद्याचं बी टाकलं होतं. पुढं रोप उगवलं ते सगळीकडं हिरवंगार, पण मधोमध एक लांबट टक्कल राहिलं. डोक्याकडं अरुंद, पोटाकडं रुंद. कुणाचं ते विचारायची गरजच नव्हती. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबा मला एक अक्षर बोलले नाहीत. पण रोप बघायला कुणी आला आणि मध्ये हे काय म्हणून विचारू लागला, की ते शांतपणे सांगायचे, "ते व्हय? तितं आमचं जावई पेरल्यात. अजून उगवलं न्हाईत."

मी तेव्हा बारामतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. नव्या कायद्यानं इंग्रजी आठवीपर्यंत मागं ढकललेलं, त्यामुळं माझ्यापुढं मिसरूड फुटलेली मुलं ए, बी, सी गिरवत बसत. पण सासुरवाडीला त्याचं फार अप्रूप होतं. खताच्या पोत्यावरचे शब्द मला वाचायला देत आणि मी वाचले की सगळे गप्प होत. त्यांना वाटे, हा माणूस साहेबांशी रोज बोलत असणार. खरं तर मी उभ्या आयुष्यात एकाच साहेबाशी बोललो होतो, आणि तोही मराठीतच बोलला होता.

आबांचं रान बारामतीहून इंदापूरकडं जाताना पाटाच्या काठाला. ऊस थोडा, बाकी कांदा, वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर. आठवड्याच्या बाजाराला गाडी भरून जायची. आम्ही नवरा-बायको सुटीच्या दिवशी एस.टी.नं फाट्यावर उतरायचो आणि पाटाच्या कडेनं चालत जायचो. उजवीकडं पाटाचं संथ पाणी, डावीकडं वाऱ्यावर सळसळणारा ऊस. त्या वाटेवर मला नेहमी पेंग यायची. बायको म्हणायची, चालता चालता झोपणारा माणूस मी पहिलाच बघितला.

बायकोची एक धाकटी बहीण होती. घरात तिला धाकटीच म्हणत, मीही धाकटीच म्हणतो. आमच्यानंतर दोन वर्षांनी तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आतच ती परत आली. नवरा आजारी पडला, पुण्याच्या एका दवाखान्यात नेला, आणि तिथंच गेला. आबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. ती आली, आठ दिवस कुणाशी बोलली नाही, आणि नवव्या दिवशी उठून खोरं खांद्यावर टाकून पाण्यावर गेली.

पाण्यावर जाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. पाटाचं पाणी पाळीनं यायचं. आपली पाळी आली की पाण्याबरोबर कुणीतरी एकानं उभं राहायचं. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. आबांच्या रानात याचा एक नियम होता. पाणी चालू असताना हातातलं खोरं खाली ठेवायचं नाही. भाकरी खायची असो, पाणी प्यायचं असो, दुसऱ्यानं येऊन खोरं हातातून घ्यायचं, मगच पहिल्यानं हलायचं. घेणारा आला नाही तर उभं राहायचं. खोरं खाली ठेवलं की माणूस म्हणतो जरा बसतो, आणि मग पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, असं आबांचं म्हणणं.

असं एक वर्ष गेलं. मग एकदा तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई देवी टोचायला वस्तीवर आल्या. धाकटी त्यांच्याबरोबर दिवसभर हिंडली. पोरं धरून दिली, रडणारी गप्प केली. जाताना बाई म्हणाल्या, तू सातवी पास आहेस, हात हलके आहेत, पुण्याला नर्सचं शिक्षण का घेत नाहीस? राहणं-जेवण तिथंच. फक्त मुली निवडायच्या भेटीच्या वेळी थोडं इंग्रजी बोलता-वाचता आलं पाहिजे, आणि घरच्या वडीलमाणसाची ना नसली पाहिजे. उन्हाळा सरल्यावर नवीन मुली घेतात.

धाकटीनं त्याच दिवशी आबांना विचारलं. आबा ऐकून घेऊन बैलांना वैरण टाकायला गेले. हो नाही, नाही पण नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तेव्हा बैलांना पाणी पाजायला गेले. त्या हिवाळ्यात आबांचे बैल चांगले सुधारले.

मला वाटलं, रानातला हक्काचा हात जाईल म्हणून म्हातारा टाळाटाळ करतोय. तसं मी बायकोला बोलूनही दाखवलं. ती चुलीपुढनं उठली. म्हणाली, "रान गेलं खड्ड्यात. तिला तितनं कशी आणली ते आबांनी बघितलंय. पुन्हा त्याच खाटांमधी धाडायची म्हणून त्यांचा जीव व्हईना."

तरी इंग्रजी तर शिकवायला हरकत नव्हती. मी तयारच होतो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून माझ्याकडं इंग्रजी शिकायला येत होतं.

आम्ही ओसरीवर बसलो. मी शाळेतलं पुस्तक उघडलं. धाकटी हुशार निघाली, भराभर वाचू लागली. पण एका ठिकाणी गंमत झाली. लहान मुलगी रात्री दूध पिते आणि बेडवर जाते, असं साधं वाक्य होतं. धाकटीनं मुलगी वाचली, दूध वाचलं, आणि शेवटचा शब्द सोडून दिला. मी म्हटलं, पुन्हा. तिनं पुन्हा सोडला. मला वाटलं, उच्चार जमत नाही. मी जीभ कुठं टेकवायची ते दाखवलं. ओठ मिटवून दाखवले. खडूनं जमिनीवर केवढं तरी मोठं अक्षर काढलं. धाकटी खाली मान घालून बसली. आत स्वयंपाकघरात परात जोरानं आपटल्याचा आवाज आला, आणि बायको बाहेर येऊन म्हणाली, तुम्हाला आबा गोठ्यात बोलावतायत.

गोठ्यात आबा नव्हते. बायकोच मागोमाग आली.

तिनं मला सांगितलं ते असं. पुण्याच्या त्या दवाखान्यात धाकटीच्या नवऱ्याला नावानं कुणी हाक मारत नसे. बेडचा आकडा सांगत. तिलाही कुणी नावानं बोलावलं नाही. त्या बेडची बाई कुठाय, असं विचारत. ती बाहेर नळावर तांब्या भरत होती, तेव्हा एक माणूस दुसऱ्याला सांगत गेला, तो बेड रिकामा झाला. तिला कळलं ते असं. इंग्रजीतला तेवढा एकच शब्द तिला आधीपासून येत होता.

मी गोठ्यात उभा. बैल माझ्याकडं बघत होता, आणि मला वाटलं, याला माझ्यापेक्षा जास्त कळतंय.

आता काय करायचं? तो शब्द टाळून नर्स होता येत नाही. तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच. आणि ही तो टाळते हे भेटीच्या वेळी कुणाच्याही लक्षात आलं असतं. रात्रभर मी कूस बदलत पडलो. पहाटे डोळा लागला तर मला माझाच वाफा दिसला. मी त्यात झोपलोय आणि माझ्या बाजूनं कांद्याची पात सरसर वर येतेय. जागा झालो तो डोक्यात एक कल्पना घेऊनच. इतक्या वर्षांत मला स्वप्नातून काही मिळालं असेल तर ते एवढंच.

त्या दिवशी पाळी होती. धाकटी खोरं घेऊन पाण्यावर गेली होती. तिला बसता येणार नव्हतं, म्हणून मी धोतर वर खोचून तिच्याबरोबर बांधावरनं चालू लागलो. समोरचा वाफा दाखवून म्हटलं, याला इंग्रजीत काय म्हणतात माहीत आहे? ती म्हणाली, न्हाय. मी शब्द सांगितला. तिनं चमकून माझ्याकडं बघितलं. दाजी आपली थट्टा करतायत की काय, असं तिला वाटलं असावं.

"खरंच," मी म्हटलं. "मेथीचा असो, कांद्याचा असो. शब्द हाच."

 वाफा भरला. तिनं त्याचं तोंड बुजवलं, पुढच्याचं फोडलं. पाणी भेगांमधून मातीचा वास काढत आत शिरलं. मी म्हटलं, तो शब्द आज नको म्हणूस. बाकीचं म्हण. मेथी हिरवी आहे. पाणी थंड आहे. असा आमचा वर्ग सुरू झाला. एक वाफा भरायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात एक वाक्य. पाणी हळू असलं तर वाक्य लांबायचं. वाफा फुटला तर वाक्यही अर्धंच राहायचं. त्या दिवसांतलं माझं इंग्रजी मला सगळ्यात चांगलं वाटतं. ऊन, पाणी, आणि मधूनमधून एखादं क्रियापद. बगळे आमच्या मागं मागं चालत, शाळेतल्या मागच्या बाकावरच्या मुलांसारखे, लक्ष नसलेले.

एकदा आबा बांधावर येऊन उभे राहिले. काय चाललंय, म्हणाले. मी सांगितलं, खाटेलाही बेड, वाफ्यालाही बेड, नदीच्या पात्रालासुद्धा बेड आणि आगगाडीच्या रुळांखाली खडीचा थर असतो त्यालाही तोच शब्द. आबांनी विचार केला.

"एवढं दीडशे वर्सं राज केलं," ते म्हणाले, "आन् शब्द एकच?"

मग थोडं पुढं जाऊन वळले, आणि धाकटीकडं न बघता मला विचारलं, "ती म्हंती का त्यो?"

मी म्हटलं, अजून नाही.

"मग नगा म्हणवू," म्हणाले, आणि निघून गेले.

चैत्रात आम्ही भिगवणजवळ भीमेवर गेलो. बायकोच्या मावशीची तिथं पात्रातल्या वाळूत कलिंगडाची वाडी होती. आता तिथं धरणाचं पाणी पसरलंय, मासेमारीच्या होड्या फिरतात. आम्ही जिथं बसलो होतो ती जागा पाण्याच्या किती खाली आहे कुणास ठाऊक. तेव्हा मात्र नदी एका बाजूला काठ धरून धोतराच्या काठाएवढी वाहत होती. बाकी सगळी वाळू. वाळूत खड्डे करून वेल लावलेले, आणि पानांखाली कलिंगडं अशी निवांत पडलेली, की त्यांना उठवायला नको वाटावं.

ऊन उतरल्यावर वाळू कोमट झाली. बायको आणि मावशी खोपटात बोलत बसल्या. मी आडवा झालो, हे सांगायला नकोच. थोड्या अंतरावर धाकटीही तळव्यांवर डोकं ठेवून वाळूत उताणी पडली होती. लहानपणी पडत असेल तशी. वर आभाळ नुसतं पांढुरकं, त्यात एक घार. वाळू, वेल, मी आणि ती, सगळेच जणू कुणीतरी अंथरून ठेवलेले.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "दाजी, हेला बी त्योच शब्द?"

"हो. ह्या सगळ्याला. त्या काठापासून ह्या काठापर्यंत."

"एवढ्या मोठ्यावर निजतंय कोण?"

"नदी," मी डोळे न उघडता म्हटलं. "पावसाळ्यात उठते."

ती हसली. परत आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मग हळूच, मला ऐकू जाईल न जाईल अशा बेतानं, तिनं तो शब्द उच्चारला. एकदाच. वाळूवर बोट टेकवून, जणू तिथं काही पेरत होती. मी झोपल्याचं सोंग घेतलं. त्या कलेत मी पहिल्यापासून वाकबगार आहे.

ज्येष्ठात पुण्याहून भेटीचा दिवस कळला. सकाळच्या छोट्या आगगाडीनं बारामतीहून दौंड, तिथून पुणे. मी बरोबर जायचं ठरलं. आबांना दिवस सांगितला. आबा बैलांकडं गेले.

ठरल्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही रानातून निघायच्या तयारीत, तोच पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी सांगत आला की पाळी बदललीय, पाणी आताच सुटतंय. धाकटीनं नवं लुगडं नेसलं होतं. तिनं ते वर खोचलं, खोरं उचललं आणि पाण्यावर गेली. आबा लिंबाखाली बसले होते. तिनं त्यांना काही विचारलं नाही, त्यांनी तिला काही सांगितलं नाही. बैलगाडी जुंपून उभी. माझ्या काखेत तिची पिशवी.

मी बायकोला हळूच म्हटलं, गाडी चुकेल. ती म्हणाली, गप बसा. मी म्हटलं, मी जाऊन खोरं घेतो. ती म्हणाली, "तुमी घेऊन उपेग न्हाय. त्यानला घेऊ द्या."

तेव्हा मला कळलं, ती पोर तिथं कशासाठी उभी आहे. खोरं टाकून ती केव्हाही जाऊ शकली असती. आबांनी अडवलं नसतं. पण तिला तसं जायचं नव्हतं.

पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जात होतं. ती माती ओढत होती, तोंड बुजवत होती, फोडत होती. पाठमोरीच. ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं. मला गाडीच्या शिट्टीचे भास होऊ लागले. एवढ्या लांब ती ऐकूही येत नाही.

मग आबा उठले. पायातल्या वहाणा लिंबाखालीच ठेवल्या. बांधावरनं सावकाश चालत, वाटेत एका ठिकाणी पाणी पाझरत होतं तिथं पायानं माती दाबत, ते तिच्यापर्यंत गेले आणि हात पुढं केला.

धाकटीनं लगेच दिलं नाही. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"आन हिकडं," आबा म्हणाले. "खाली ठिवू नगंस. हातात दे."

तिनं दिलं. आबांनी वाफ्याचं तोंड बुजवलं, पुढच्याचं फोडलं, आणि पाण्याकडं बघत म्हणाले, "पाय धू. नव्या लुगड्याला चिखल लागलाय."

तिनं वाफ्यांना पाणी नेणाऱ्या दंडात पाय धुतले. वाकून आबांच्या पायाला हात लावला, तर तिथंही चिखलच होता, तो तिच्या बोटांना लागला. तो तिनं धुतला नाही. बैलगाडीत बसल्यावर मी बघितलं, बोटांवर वाळून पांढरा झाला होता.

छोटी गाडी मिळाली. ती गाडी इतकी हळू जायची, की प्रवासी उतरून शेंगा उपटून परत चढतात असं लोक म्हणत. त्या दिवशी तिचा मला राग आला नाही. धाकटी खिडकीशी बसून ओठ हलवत होती. मी विचारलं नाही.

पुण्याला तिला आत बोलावलं, मी बाहेर व्हरांड्यात थांबलो. समोर एक मोठा दरवाजा उघडा होता. आत लांबच लांब खोली, पांढऱ्या चादरींच्या खाटा दोन्ही बाजूंना ओळीनं, मधून वाट. खिडक्यांतून ऊन आडवं येत होतं. रात्रीचं जागरण, प्रवास, उपाशी पोट. माझे डोळे मिटत होते. आणि मला दिसलं, त्या मधल्या वाटेनं पाणी येतंय. संथ, तांबूस. एकेका खाटेपाशी थांबतंय, वळतंय, पुढं जातंय. आणि त्याच्याबरोबर कुणीतरी पाठमोरं चाललंय.

"दाजी," धाकटी खांद्याला हात लावून म्हणाली, "उठा. घेतलं मला."

आत काय बोलणं झालं ते तिनं सविस्तर कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की तिथल्या मोठ्या बाईंनी विचारलं, दिवसभर उभं राहायला जमेल का? तिनं सांगितलं, जमेल, कुणी हातातलं घेईपर्यंत. ते इंग्रजीत कसं सांगितलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला. मला स्वतःला ते अजून जमलेलं नाही.

तिला तिथं सोडून मी परत आलो. बायको आबांकडंच थांबली होती. मी तिला सगळं सांगितलं. आणि खरं सांगायचं तर, त्यात माझ्या शिकवण्याचा भाग थोडा फुगवून सांगितला. कशी वाफ्यांची युक्ती काढली, कशी नदी दाखवली. ती पदरानं डोळे पुसत ऐकत होती. मला वाटलं, आता ही माझं कौतुक करणार. मी जरा ताठ बसलो.

पदर खोचून ती म्हणाली, "धाकटीच्या जागी आता आबांना कुणीतरी पायजे. मी सांगून बसले, सुटीच्या दिवशी पाळी आली की दारं धरायला मास्तर येत्याल म्हणून. आन् झोप आलीच, तर बांधावर झोपा."